स्टॅकेजमध्ये पॅकेज टाकलंस, आता मर्यादांकडे लक्ष दे

स्टॅकेज म्हणजे एकमेकांशी जुळणाऱ्या हॅस्केल पॅकेजेसचा संग्रह. त्याच्या एका स्नॅपशॉटमध्ये, म्हणजे ठरावीक संचात, प्रत्येक लायब्ररीची एकच आवृत्ती असते. तू एसॉनवर (JSON हाताळणारी लायब्ररी) 'आवृत्ती 2 पेक्षा कमी' अशी मर्यादा घालून विसरलास, तर इतरांचं अडतं आणि तुझं पॅकेज नाइटलीतून (रोज निघणाऱ्या स्नॅपशॉटमधून) तात्पुरतं वगळलं जातं. मनाला लावून घेऊ नकोस, दुरुस्त केलं की परत येतं.

पण वैतागून मर्यादाच काढून टाकू नकोस रे! हॅस्केलमध्ये आवृत्तीच्या पहिल्या दोन आकड्यांपैकी एक जरी बदलला, तरी काही मोडू शकतं असं धरायचं. एसॉन 2.0 ने ऑब्जेक्टमध्ये हॅशमॅपऐवजी कीमॅप हा वेगळा टाइप आणला, तेव्हा बरंच जुनं कोड कंपाइल होईना. म्हणून आधी नव्या आवृत्तीवर बिल्ड कर, टेस्ट चालव. सगळं पास झालं, तर हॅकेजवर (हॅस्केल पॅकेजेसच्या भांडारावर) मेटाडेटा रिव्हिजन करून, म्हणजे कोडला हात न लावता पॅकेजची माहिती बदलून, मर्यादा वाढव. त्यासाठी नवं रिलीज लागत नाही.