कंप्रेसर सात हजारांचा घ्या, माणशी बाराशे मात्र घेऊ नका

इंदूरच्या सुदामानगरातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३८, नोकरी पीथमपूरच्या कारखान्यात, हातात येणारा पगार ८५ हजार. घरी पत्नी, दोन शाळकरी मुलं आणि आई-बाबा. दीड वर्षापूर्वी त्यांनी तीन दारांची, डिझेलवर चालणारी फोर बाय फोर थार घेतली. कर्ज १३ लाख, साडेनऊ टक्क्यांनी, सात वर्षांसाठी. ते लिहितात:

'पावसाळ्यात आमचा ग्रुप चोरल, जानापाव, पातालपाणीच्या बाजूला जातो. टायरची हवा उतरवायची आणि परत भरायची म्हणून कंप्रेसर हवा आहे. बॉनेटखाली कायमचा बसवायचा दोन मोटरींचा सेट फिटिंगसकट ७२ हजारांना सांगतात. बॅटरीला चिमटे लावून चालणारा सुटा पंप ७ हजारांत मिळतो. मोठा घेतला तर पैसे वसूल होतील, कारण सुट्टीच्या दिवशी मी लोकांना माणशी १२०० रुपये घेऊन फिरवतो. चार माणसं, महिन्याला दोन फेऱ्या, म्हणजे वर्षाला १ लाख १५ हजार. सध्या खात्यात ४० हजार आहेत. गाडीच्या कर्जासोबत बँकेने दिलेली एक गॅरंटीड आयुर्विमा पॉलिसी आहे. तिच्यावर कर्ज काढू, की क्रेडिट कार्डावर बारा हप्ते करू?'

आधी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. सात हजारांचा सुटा पंप घ्या, तोही कर्ज किंवा हप्ते न करता.

हिशेब करून बघा. तुमच्या १८ इंची टायरमध्ये साधारण ७० लिटर जागा असते. कच्च्या वाटेवर हवा १८ पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं एकक) उतरवली आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी ३२ वर आणली, तर चौदाचा फरक भरायचा. चौदा पीएसआय म्हणजे जवळपास एक वातावरणाचा दाब. थोडक्यात, प्रत्येक टायरमध्ये बाहेरची ६५-७० लिटर हवा जायला हवी. पंपाच्या खोक्यावर मिनिटाला ३५ लिटर छापलेलं असलं, तर दाबाविरुद्ध तो सरासरी २५ देईल असं धरा. टायरला पावणेतीन मिनिटं, चार टायरना अकरा. मोठा सेट हेच काम तीन-चार मिनिटांत करतो. म्हणजे एका फेरीत वाचली आठ मिनिटं. तुमच्याच आकड्याप्रमाणे वर्षाला २४ फेऱ्या धरल्या तर वर्षभरात तीन तास आणि थोडं. तुमच्या पगाराचा तास सव्वाचारशे रुपयांचा पडतो. तीन तासांचे तेराशे रुपये झाले. त्यासाठी ६५ हजार जास्त द्यायचे तर वसुलीला पन्नास वर्षं लागतील.

बॉनेटखालचा सेट वाईट आहे असं मी म्हणत नाही. गाडीला हवेवर चालणारे डिफरन्शियल लॉकर (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरायला लावणारी यंत्रणा) असतील, हवेची हत्यारं चालवायची असतील, किंवा प्रत्येक वेळी सात-आठ गाड्यांच्या टायरमध्ये तुम्हालाच हवा भरून द्यायची असेल, तर दोन मोटरी आणि सलग चालण्याची क्षमता कामाची. यातलं काहीच तुमच्या पत्रात नाही.

सुटा पंप घेताना सलग किती मिनिटं चालतो ते विचारा. काही पंप दहा मिनिटांतच गरम होऊन थांबतात, आणि तुम्हाला अकरा लागणार आहेत. तापल्यावर आपोआप बंद होणारा घ्या, म्हणजे मोटर जळणार नाही, आणि दोन टायरनंतर त्याला थोडा दम खाऊ द्या. चिमटे बॅटरीलाच लावा. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा असतो, म्हणजे जेमतेम १२० ते १८० वॅट. जोरदार पंप तिथे लावला की फ्यूज उडतो. हवा भरताना इंजिन चालू ठेवा. दाब मोजायचा गेज वेगळा ठेवा, कारण चालत्या पंपाचा काटा टायरमधला खरा दाब दाखवत नाही. ट्यूबलेस पंक्चरची दोऱ्यांची किट सोबत घ्या. हे सगळं मिळून साडेआठ हजारांत बसवा.

आणखी एक सांगतो, कारण तुम्ही माळव्यात गाडी चालवता. हवा कमी केल्याचा सगळ्यात जास्त फायदा वाळूत होतो, नर्मदेच्या काठावर तो लगेच जाणवेल. आपल्या काळ्या मातीचं तसं नाही. ती ओली झाली की टायरच्या नक्षीत गच्च बसते आणि टायर गुळगुळीत होतो. तिथे दाबापेक्षा नक्षी जास्त महत्त्वाची, आणि त्याहूनही महत्त्वाचं म्हणजे पाऊस चालू असताना त्या शेतवाटेला न जाणं. ७२ हजारांचा सेटसुद्धा तिथे तुम्हाला बाहेर काढणार नाही.

कंप्रेसर झाला. आता पत्रातल्या त्या वाक्याकडे येतो, जे तुम्ही सहज लिहून गेलात आणि जे वाचून मला खरंच काळजी वाटली: 'माणशी १२०० रुपये घेऊन फिरवतो.'

तुमची गाडी पांढऱ्या पाटीची, खासगी नोंदणीची आहे. भाडं घेऊन माणसं न्यायची तर परमिट लागतं. मोटार वाहन कायद्याचं ६६ वं कलम हेच सांगतं, आणि विनापरमिट वाहतुकीला पहिल्याच वेळी १० हजार दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडाची मला फार चिंता नाही, दहा हजार कुठून तरी उभे राहतील. चिंता विम्याची आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराची मर्यादा स्पष्ट छापलेली असते: भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापर चालणार नाही. पॉलिसीचा कागद आज रात्री काढा आणि ती ओळ स्वतः वाचा.

समजा, जानापावच्या उतारावर गाडी घसरली आणि मागे बसलेला एक मुलगा गेला. वय ३२, कायम नोकरी, पगार महिना ५० हजार, घरी बायको आणि लहान मूल. त्याचे घरचे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातील. तिथे रकमेचा हिशेब बराचसा ठरलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा खटल्यात वयानुसार गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो आकडा, ठरवून दिले आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालात पुढच्या पगारवाढीची टक्केवारी. वर्षाचे ६ लाख. चाळिशीच्या आतला कायम नोकरदार म्हणून त्यात ५० टक्के वाढ धरली की ९ लाख. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा केला की उरले ६ लाख. ३१ ते ३५ वयाचा गुणक १६. सहा सोळे शहाण्णव. ९६ लाख रुपये. त्याचा आयकर वजा झाला तर आकडा थोडा खाली येईल, व्याज आणि इतर रकमा धरल्या तर पुन्हा वर जाईल.

तो मित्र म्हणून फुकट बसला असता तर तुमच्या पॅकेज पॉलिसीतून विमा कंपनीला हे भरावं लागलं असतं. त्याने बाराशे रुपये दिले आहेत, आणि मोबाईलवरून दिले असतील तर त्याची नोंद तुमच्या खात्यातच आहे. कंपनी अटींचा भंग झाला म्हणून हात वर करेल. फार तर न्यायाधिकरण कंपनीला आधी पैसे भरायला लावेल आणि मग तुमच्याकडून वसूल करायची मुभा देईल. दोन्ही वाटा शेवटी तुमच्या पगारापर्यंत आणि घरापर्यंत येतात. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावाही नाकारला किंवा कापला जाऊ शकतो, आणि कर्जाचा सव्वाएकवीस हजारांचा हप्ता मात्र चालूच राहील.

बरं, हा धोका ज्या कमाईसाठी घेताय ती तरी किती आहे? तुमची गाडी चार आसनी, त्यात चालक तुम्ही. राहिली तीन माणसं. चौथ्याचे बाराशे हिशेबात आले कुठून? वर्षाला २४ फेऱ्याही होणार नाहीत. धबधबे बघायला लोक जुलै ते सप्टेंबर येतात. एप्रिल-मेच्या उन्हात चोरलला जायला पैसे देऊन कोण येणार? बारा फेऱ्या धरा. तीन माणसांचे ३६०० रुपये. त्यातून हजार-बाराशेचं डिझेल, वाटेतले पोहे-जलेबी आणि चहा, टायर आणि क्लचची झीज. हातात पडले दोन हजार, वर्षाचे २४ हजार. म्हणजे ७२ हजारांचा कंप्रेसर वर्षात नाही, तीन वर्षांत वसूल होणार, तेही दर पावसाळ्यात काही बिघडलं नाही तर. १ लाख १५ हजारांचा आकडा तुम्ही कागदावर मांडलाच नव्हता, मनात धरला होता. २४ हजारांसाठी ९६ लाखांची जबाबदारी अंगावर घेऊ नका. या शनिवारपासून बंद करा. मित्र बरोबर आले तर येऊ द्या, फुकट.

यातून कमवायचंच असेल तर लोकांना त्यांच्याच गाड्या घेऊन यायला सांगा आणि वाट दाखवण्याचे, गाडी चालवायला शिकवण्याचे पैसे घ्या. तेही वकिलाला विचारून आणि वनविभागाची परवानगी जिथे लागते तिथे काढून. तो उद्योग दोन पावसाळे नीट चालला आणि रांगेत आठ गाड्या हवेसाठी थांबू लागल्या, तर मोठ्या कंप्रेसरचं मला पुन्हा विचारा. तेव्हा माझं उत्तर वेगळं असू शकेल. आणि बाहेरून बसवलेली अशी इलेक्ट्रिकल वस्तू विमा कंपनीला कळवावी लागते, साधारण तिच्या किमतीच्या ४ टक्के प्रीमियम वाढतो, हे तेव्हा विसरू नका.

आता बँकेने दिलेली ती विमा पॉलिसी. तुम्ही कागदाचा फोटो जोडलात, ते बरं केलं. वर्षाला १ लाख, दहा वर्षं, आणि पंधराव्या वर्षाअखेर साडेसतरा लाख. बँकेतल्या माणसाने तुम्हाला सांगितलं, 'दहावर साडेसात लाख फायदा, म्हणजे साडेसात टक्के, एफडीसारखं.' हे साफ चूक आहे, आणि रोज असे कागद विकणाऱ्या माणसाला ते माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. पैसे पंधरा वर्षं अडकतात. खरा परतावा वर्षाला ५.४ टक्के येतो. तेच दहा हप्ते पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी टाकले असते तर पंधराव्या वर्षी २१ लाखांच्या आसपास झाले असते. साडेतीन लाखांचा फरक. गाडीच्या कर्जासाठी ही पॉलिसी घ्यावीच लागते असं तुम्हाला भासवलं गेलं असेल, तर तेही खोटं होतं.

आणि तिच्यातलं विमा छत्र किती? दहा लाख. गाडीचंच कर्ज अजून अकरा लाख बाकी आहे. उद्या तुम्हाला काही झालं तर या पॉलिसीतून थारसुद्धा फिटत नाही, मग मुलांची शाळा आणि आई-बाबांचं औषधपाणी कशातून?

म्हणून क्रम असा ठेवा. पहिला टर्म इन्शुरन्स, एक कोटीचा, साठाव्या वर्षापर्यंत, बचतीचं काही न चिकटवलेला. सिगारेट ओढत नसाल आणि तब्येत ठीक असेल तर वर्षाला वीस हजारांच्या आसपास बसेल. अर्जात डोंगरवाटांवर गाडी चालवण्याचा छंद लपवू नका, विचारलं तर खरं लिहा. तो हातात आल्यावरच पॉलिसीला हात लावा. कंपनीकडून तीन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केलं, म्हणजे मध्येच मोडली, तर किती, हप्ते थांबवून पेडअप ठेवली तर पंधराव्या वर्षी किती, आणि पूर्ण भरली तर किती. भरलेले दोन लाख मनातून बाजूला ठेवा आणि पुढच्या आठ लाखांचाच विचार करा. सरेंडरची रक्कम फारच तुटपुंजी असेल तर रागाच्या भरात मोडू नका. पेडअप ठेवणं बरं पडू शकतं. आकडे आले की मला पाठवा. बँकेने फसवून विकल्याची तक्रार आधी विमा कंपनीकडे लेखी करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर भोपाळच्या विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथे शुल्क नाही.

पॉलिसीवर कर्ज काढू नका. साडेपाच टक्के देणाऱ्या वस्तूवर त्याहून महाग व्याजाने पैसे घ्यायचे, तेही हौसेसाठी. कार्डाचे हप्तेही नकोत. 'नो कॉस्ट' लिहिलं असलं तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी तुमच्याच बिलात येतो.

चाळीस हजारांपैकी साडेआठ हजार पंपाला, किटला आणि गेजला जाऊ द्या. छंद मोडा असं मी सांगणार नाही. पीथमपूरच्या शिफ्टनंतर तो हवाच. उरलेल्या साडेएकतीसला मात्र हात लावू नका. घरखर्च पन्नास हजारांचा धरला तर ही रक्कम तीन आठवडेही पुरत नाही, आणि घरात दोन म्हातारी माणसं आहेत. पॉलिसीचे हप्ते थांबले तर महिन्याला आठ हजार सुटतील. टर्मचा प्रीमियम वजा जाता साडेसहा हजार वेगळ्या खात्यात टाकत जा. तीन लाख जमायला साडेतीन वर्षं लागतील, बोनस आला तर तोही तिथेच ठेवा म्हणजे लवकर होईल.

पंप आला की पहिल्या दिवशी घरासमोरच चारही टायरची हवा उतरवून परत भरून बघा, घड्याळ लावून. मागच्या दारावरचं स्टेपनीचं टायरही तेव्हाच तपासा.