पावसाळा लागला की गाडीतलं कार्पेट ओलं होतं. सगळे म्हणतात पुरातली गाडी गळ्यात पडली. पाणी नेमकं कुठून येतं, कसं शोधायचं?

कोणत्या बाजूचं कार्पेट ओलं होतं ते तुम्ही लिहिलंच नाही. अर्धं उत्तर तिथेच असतं. पण ते 'पुरातली गाडी' वाचलं आणि राहवलं नाही.

मी अमळनेरचा. चार वर्षांपूर्वी सेकंड हँड हॅचबॅक घेतली. उन्हाळा झकास गेला. जून संपता संपता ड्रायव्हरशेजारच्या सीटखालचं कार्पेट ओलं. मॅट उचलली की भिजलेल्या पोत्याचा वास. आमचे दाजी धुळ्याचे, गाड्यांतलं सगळं त्यांनाच कळतं. त्यांनी चार पाहुण्यांसमोर निकाल दिला, "हाई गाडी पूरमां बुडेल शे." बहिणीचा नवरा, बोलणार काय?

गॅरेजवाल्याने न बघताच सांगितलं, पाऊस पुढच्या काचेतून येतोय. काचेभोवती सिलिकॉन फासलं, दरवाजाचं रबर बदललं, ४२०० रुपये घेतले. आठ दिवसांत कार्पेट पुन्हा ओलं.

मग एकदा लग्नाला रेल्वेने गेलो. गाडी दोन दिवस अंगणात उभी, धो धो पाऊस. येऊन बघतो तर आत नवं पाणी एक थेंब नाही! पुढच्या आठवड्यात चांगली उघडीप होती, आईला घेऊन धुळ्याला निघालो, एसी फुल. एका वळणावर डॅशबोर्डच्या आत खळ्ळकन वाजलं आणि आईच्या पायावर पाणी सांडलं. ती ओरडली, "पानी थंडगार शे रे भाऊ!"

थंडगार. गाडीत दुसरं कोण पाणी गार करतं?

हायवेवरच्या एका मिस्त्रीने गाडी रॅम्पवर चढवली. एसीचं पाणी बाहेर सोडणारी काळी रबरी नळी असते, अंगठ्याएवढी. तिच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. त्याने नळी चिमटीत दाबून चुरली, ढेकूळ पडलं आणि मागोमाग तांब्याभर पाणी भसकन खाली आलं. पन्नास रुपये घेतले, तेही मीच बळेच दिले.

उन्हाळ्यात का नाही कळलं? खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो, एसी दिवसभर चालतो, पण हवा इतकी कोरडी की गाडीखाली नावालाच थेंब पडतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की तोच एसी धार सोडतो. पाऊस आणि ओल एकाच वेळी आले म्हणून सगळ्यांनी पावसाला धरलं.

तेव्हा तुम्ही आधी हे करा: पाऊस नसेल तेव्हा गाडी उभी करून अर्धा तास एसी चालवा आणि खाली वाकून बघा. पावसाळ्यात टपटप दिसलीच पाहिजे. खाली कोरडं आणि आत ओलं, म्हणजे नळी तुंबली. तार खुपसू नका, नळी आतून सुटली तर डॅशबोर्ड उघडावा लागतो.

टपटप ठीक असेल तर एसी बंद ठेवून पाइपने पाणी मारा, खालून वर, एकेक जागा. आत एकाला टॉर्च देऊन बसवा. पुढच्या काचेखालच्या जाळीत कडुनिंबाचा पाला साचतो, तो आधी काढा. मागचं कार्पेट ओलं असेल तर दरवाजाच्या पॅडमागचा प्लास्टिकचा कागद सुटलाय का बघा. सनरूफ असेल तर तिच्या कोपऱ्यांतल्या नळ्या. कुठे झिरपतंय ते डोळ्यांनी दिसेपर्यंत कुणालाही सिलिकॉन फासू देऊ नका. सिलिकॉनने दुरुस्ती होत नाही, बिल वाढतं.

आणि पुरातली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, चिखलाची रेघ दिसते का बघा. डिक्कीत स्टेपनीखाली गाळ, सीटच्या रुळांवर गंज, हेही बघा. माझ्या गाडीत यातलं काही नव्हतं. मुळात पुरात भिजलेली गाडी एकदा नीट वाळवली की दर आठवड्याला नव्याने कशी भिजेल? हे दाजींना अजून पटलेलं नाही.

हो, एक राहिलंच. पाणी चिकट असेल, गोडसर वास येत असेल, तर ते पाणी नाही, इंजिन गार ठेवणारं कुलंट आहे. हीटरचा कॉइल गळतोय. गाडी तापायच्या आत दाखवा. आणि कारण सापडलं तरी कार्पेटखालचा स्पंज आठवडे ओला राहतो. सीट काढून, कार्पेट उचलून वाळवलं नाही तर तुम्हाला वाटेल गळती चालूच आहे. मलाही वाटलं होतं, आणि दाजींचा तेवढ्यापुरता फोनही येऊन गेला. स्टेपनीखालच्या कोरड्या ठणठणीत पत्र्याचा फोटो तेव्हाच त्यांना पाठवला. दोन निळ्या टिका आहेत, उत्तर नाही.