दिवेलागणीचं रडणं

ताई, घाबरू नको. तान्ह्या बाळाचं हे संध्याकाळचं रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वात जास्त असतं, ३-४ महिन्यांत आपोआप थांबतं. दिवसाला ६-७ लंगोट ओले होत असतील तर तुझं दूध पुरतंय; कोणी काहीही म्हणो, वरचं दूध लावू नको.

- पाजताना बोंडाभोवतीचा काळा भागही तोंडात जाऊ दे, नाहीतर लेकरू हवा गिळतं.
- मग खांद्यावर उभं धरून १० मिनिटं पाठ चोळ.
- रडताना हातावर पालथं घेऊन फिर. झोपवताना मात्र पाठीवरच.

घुटी, मध, बाळगोळी नको. उन्हाळ्यातही पाणी नको. पोटावर चटके तर कधीच नको!

थकलीस तर सासूबाईंकडे दे, रागात गदागदा हलवू नको. ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त किंवा दूध सोडलं, तर लगेच १०८.