सगळेच को-लीडर!

प्रश्न : 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' या मोबाइल गेममध्ये आम्हा मित्रांचा क्लॅन (गट) आहे. कुणी रुसू नये म्हणून नऊ जणांना को-लीडर केलं. एकानं भांडणात रातोरात बारा मेंबर काढले. काय करावं?
– एक वाचक, परभणी

उत्तर : को-लीडर मेंबरला, एल्डरलाही (मेंबरच्या वरचं, को-लीडरच्या खालचं पद) काढू शकतो, दुसऱ्या को-लीडरला नाही. को-लीडरला खाली उतरवणं लीडरच्याच हाती. ५० जणांच्या क्लॅनला तीन को-लीडर पुरेत: एक वॉरची (दुसऱ्या क्लॅनशी लढाईची) यादी करणारा, दुसरा भरती पाहणारा, तिसरा तुम्ही नसताना. बाकीच्यांना एल्डर करा. रुसतील दोन दिवस, रुसू द्या.

वॉरमध्ये प्रत्येकाचे दोन हल्ले; लाइट जाण्याची वेळ धरून पहिला आधीच उरकायला लावा. शेवटच्या तासावर ठेवलेलेच वाया जातात. लीडरपद मात्र जपून द्या: दिलं की तुम्ही को-लीडर होता, स्वतःहून परत घेता येत नाही.