तुमचे प्रश्न: अनामत, आधारची झेरॉक्स आणि परत न येणारी पुस्तकं

प्रश्न: आम्ही काही बायकांनी मिळून वस्तीतल्या समाजमंदिरात छोटी लायब्ररी चालू केलीय, सगळं फुकट. पोरं भरपूर येतात पण पुस्तकं सगळी परत येत नाहीत. आता मंडळातली माणसं म्हणतायत शंभर रुपये अनामत घ्या आणि आधारची झेरॉक्स घ्या, फुकटच्या वस्तूची लोकांना किंमत नसते. मला पटत नाहीये पण उत्तरही सुचत नाहीये.
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर: ताई, अनामत अजिबात घेऊ नका. ज्याच्याकडे शंभर रुपये आहेत तो ते भरेल आणि पुस्तक हरवलं तरी निवांत राहील, ज्याच्याकडे नाहीत तो दारातूनच मागे फिरेल आणि तुम्हाला कळणारही नाही की कोणी आलं होतं. म्हणजे लायब्ररी ज्यांच्यासाठी काढली तेच बाहेर. दंडाचंही हेच होतं, पोरगीला वाटतं रोज दोन-दोन रुपये वाढतायत, आई ओरडेल, मग ती तोंड चुकवायला लागते आणि पुस्तकाबरोबर वाचकही जातो. शिकागोच्या सार्वजनिक लायब्ररीने 2019 मध्ये उशिराचा दंड बंद केला तर पुढच्या काही आठवड्यांतच थकलेली पुस्तकं परत येण्याचं प्रमाण कितीतरी पटीने वाढलं. दंडाच्या भीतीने घरी दडवून ठेवलेली पुस्तकं लोकांनी आणून दिली. मंडळाला हे सांगून बघा, अमेरिकेतलं म्हटलं की ऐकतात कधी कधी.

आधारचं तर मला जास्तच खटकतं. तुमच्या वस्तीत पालावरची, भटक्या-विमुक्तांची घरं असतील तर त्यातल्या बऱ्याच जणांकडे धड कागदच नसतात, पत्त्याचा पुरावा कुठून आणणार? आणि नुसती कागदाची अडचण नाहीये ही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली याच लोकांच्या आजा-पणजांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागायची, तो कायदा 1952 मध्ये गेला पण संशयाची नजर काही गेली नाही. अशा घरातल्या पोराला पुस्तक द्यायच्या आधी 'ओळख दाखव' म्हणायचं म्हणजे काय, ते मंडळातल्यांनी जरा विचार करून सांगावं.

मग करायचं काय? वहीत नाव, गल्ली आणि वस्तीत कोण ओळखतं एवढं लिहा, बास. पुस्तक महिनाभर आलं नाही तर मोठ्या पोरांपैकी कोणाला तरी घरी पाठवा, पण वसुलीला गेल्यासारखं नको, "वाचलं का, दुसरं हवंय का" असं विचारायचं. बरीच पुस्तकं अशी येतात. काही नाहीच येणार, धाकट्याने फाडलं, पावसात भिजलं, खोली बदलली, ती वर्षाच्या खर्चात धरूनच चाला. दिल्लीतल्या 'द कम्युनिटी लायब्ररी प्रोजेक्ट'सारखे लोक फुकट लायब्ऱ्या चालवतातच की, आणि तिथे मोठ्याने वाचून दाखवण्यावर फार भर असतो, कारण ज्याला अजून वाचता येत नाही तोही वाचकच आहे. हे तुमच्याकडे नक्की करा, मोठ्या बायकांसाठीसुद्धा.

हो, आणि सोसायट्यांमधून गोणी भरून येणारी पुस्तकं डोळे झाकून घेऊ नका. जुनी गाईडं आणि फाटकी मासिकं घरातली अडचण म्हणून तुमच्याकडे येतात. नको ते सरळ परत करा, कोणाला राग आला तर येऊ दे.

प्रश्न: आमच्या गावचं वाचनालय शासनमान्य आहे, 'ड' वर्ग म्हणजे सगळ्यात खालची श्रेणी. सकाळी पेपर वाचायला पुरुष भरतात, बायका आणि खालच्या आळीतली मुलं येतच नाहीत. कमिटी म्हणते दार सगळ्यांना उघडं आहे, त्यांनाच आवड नाही. वर्गणी बंद करा म्हटलं तर परवडत नाही म्हणतात.
— एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर: सर, परवडत नाही हे खोटं नाहीये. आपला 1967 चा ग्रंथालय कायदा आहे पण त्यात ग्रंथालय कर, म्हणजे खास लायब्ऱ्यांसाठी लोकांकडून घेतला जाणारा कर, नाही, तमिळनाडू-कर्नाटकात तो आहे. त्यामुळे आपल्याकडची वाचनालयं अनुदान आणि वर्गणीवरच जगतात. पण तुम्ही निदान मुलांची आणि मजुरीवर जाणाऱ्यांची वर्गणी देणगीतून भरायचा ठराव तरी मांडा.

आवडीचं म्हणाल तर मला ते पटत नाही. ज्या हॉलमध्ये ओट्यापासून टेबलापर्यंत पुरुष बसलेत तिथून कोणती सून कपाटापर्यंत चालत जाईल? सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बडोद्याला आणून मोफत ग्रंथालयं उभी केली, तिथे बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय होती आणि गावोगावी पुस्तकांच्या पेट्या जायच्या. तुम्ही दुपारी दोन ते चार फक्त बायकांसाठी ठेवा, देव-घेव बघायलाही बाईच बसवा. आणि खालच्या आळीत पेटी घेऊन जा, पण तिथेच थांबू नका नाहीतर पेटी त्यांची आणि इमारत आपली असं होऊन बसेल. त्या आळीतले दोघं कमिटीत घ्या, पुस्तकखरेदीच्या वेळी त्यांना विचारा. बाबासाहेब आंबेडकरांनी 1924 मध्ये दलितांसाठी काढलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्देशांमध्ये वाचनालयं काढणं होतंच, तेव्हा 'त्यांना आवड नाही' हे कमिटीने कोणत्या आधारावर ठरवलं? पाण्याचा माठ आणि पेला सगळ्यांना एकच आहे का, तेही बघून घ्या एकदा.

प्रश्न: मला दिसत नाही. लायब्ररीत गेले की म्हणतात तुमच्यासाठी काही नाही. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं हवीत.
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर: 'सुगम्य पुस्तकालय' हे 2016 पासून चालू असलेलं ऑनलाइन ग्रंथालय आहे, तिथे नाव नोंदवा, ऐकता येतील अशी आणि ब्रेलची पुस्तकं मिळतात. तिथे नसलेल्या पुस्तकासाठी लायब्ररीला हे सांगा की 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा अपंग वाचकासाठी पुस्तक स्कॅन करायला किंवा वाचून रेकॉर्ड करायला परवानगी देतो, धंदा म्हणून करायचं नाही आणि अपंग नसलेल्यांना वाटायचं नाही एवढीच अट. त्यामुळे 'प्रकाशक चालू देणार नाही' हे कारण ऐकून घेऊ नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.