बाटली आडवी करायची, तर आधी मतदार यादी हातात घ्या

प्रश्न : आमच्या गावात शाळेच्या वाटेवर देशी दारूचं परवानाधारक दुकान आहे. बचत गटातल्या आम्ही बायकांनी ते बंद करण्याचा विषय ग्रामसभेत काढला, तर 'घरातली भांडणं इथं आणू नका' म्हणून सरपंचांनी आम्हाला खाली बसवलं. दुकानदार आमच्याच भावकीतला. सासरे म्हणतात, सही केलीस तर वैर होईल. मोठ्यांचा शब्द मोडावा का? आणि मोडला, तर दुकान खरंच बंद होतं का?
– एक वाचक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, मोडावा. सरपंचांनी तुम्हाला खाली बसवलं, पण या दुकानाचा निकाल त्यांच्या हातात नाहीच. २००८च्या शासन आदेशानं तो गावच्या मतावर सोडला आहे. एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्के जणींनी सह्यांचं निवेदन दिलं आणि सह्या पडताळणीत टिकल्या, की प्रशासनाला गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात : उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे, आणि आडवी बाटली म्हणजे बंद करा.

मेख पुढे आहे. आडवीला निम्म्याहून जास्त मतं लागतात, आणि ती झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या सगळ्या बायकांच्या निम्म्याहून. समजा, यादीत १,२०० जणी आहेत. ३०० सह्यांवर मतदान लागेल, पण जिंकायला ६०१ मतं हवीत. ७०० जणी आल्या, ५९० जणींनी आडवीवर शिक्का मारला, उभीला फक्त ११० पडली, तरी दुकान चालूच राहणार! याची मला मनापासून चीड आहे. आमदार निवडताना अशी अट नाही. ती बायकांनी दारू हटवायची म्हटल्यावरच आठवते. पण नियम आज हा आहे, म्हणून त्यालाच पुरून उरायचं.

त्यासाठी मतदार यादी मिळवा आणि आळीआळीनं वाचा. वारलेल्या बायका, लग्न होऊन गेलेल्या लेकी यांची नावं तशीच राहिलेली असतात, आणि त्यातलं प्रत्येक नाव उभ्या बाटलीच्या कामी येतं. ती रीतसर अर्ज देऊन आधी कमी करून घ्या. पुण्या-मुंबईला कामाला असलेल्यांना आत्ताच निरोप धाडा. ऊसतोडीला टोळ्या गेल्या असतील, तर त्या परतल्याशिवाय निवेदन देऊ नका.

सह्या ३००च्या जागी साडेचारशे घ्या. राज्य उत्पादन शुल्क विभागाची माणसं पडताळणीला येतात, तेव्हा दारात नवरा उभा असला की 'मी नाही केली' म्हणणाऱ्या निघतात. त्यांच्यावर रागावू नका. सही उघड असते, मत गुप्त. पडताळणीत माघार घेतलेली बाई मतदानाला येऊन आडवीवर शिक्का मारून जाते, हे मी पाहिलं आहे.

म्हणूनच पहिली सही तुमची हवी. भावकीतल्या सुनेनं नाव लिहिलं की इतर घरांतल्या बायकांना निमित्त राहत नाही. सासऱ्यांपासून लपवू नका. त्यांच्यासमोर बसून सांगा, की वैर माणसाशी नाही, पोरं ज्या वाटेनं शाळेत जातात त्या वाटेवरच्या गुत्त्याशी आहे. ते चिडतील. चिडू द्या. तुम्ही त्यांचा मान ठेवला आहे, मत मात्र तुमचं आहे.

सरपंचांचंही सोडू नका. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. ती मागा, ठराव करा, तो इतिवृत्तात लिहून घ्या आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) नक्कल घ्या. तोंडी विषयाला खाली बसवता येतं, लिहिलेल्या ठरावाला नाही.

जिंकल्यावर पंधरा दिवसांत कुठल्यातरी गोठ्यात चोरटी विक्री सुरू होईल, हे धरून चाला. मतदानासाठी आळीवार नेमलेल्या बायका तशाच ठेवा, आणि पोलीस ठाण्यात तक्रार लेखीच द्या, पोच घेऊन.