गॅरेजची बेडरूम आणि नोटिशीचे उरलेले चौदा दिवस

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आहे. बँकेतून निवृत्त झालेत. रो-हाउसमध्ये खाली गॅरेज, हॉल आणि स्वयंपाकघर, बेडरूम सगळ्या वर. आई ८१ वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेले, जिना चढवत नाही. म्हणून गॅरेजचं शटर काढून भिंत घातली, खिडकी बसवली. फरशी आणि प्लास्टर बाकी असताना महापालिकेची नोटीस आली. ते विचारतात, "आतलं काम आहे, परवानगी लागत नाही, असं मिस्त्री म्हणाला होता. शेजारच्या दोघांनी हेच केलंय. आता काम पुरं करून टाकू की थांबवू? कोर्टातून स्टे आणावा का?"

अशी पत्रं मला सतत येतात. कुठे आई असते, कुठे लग्न ठरलेला मुलगा, कुठे भाडेकरू ठेवायचा असतो. भिंत आधी उठते आणि प्रश्न नंतर येतो.

परवानगी लागत होती, यावर फार लिहीत नाही. मिस्त्रीचं म्हणणं निम्मं खरं होतं, तेवढं सांगते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये इमारतीच्या फक्त आतल्या भागातल्या दुरुस्तीला आणि फेरबदलाला सूट आहे. पण मंजूर नकाशावर जिथे 'गॅरेज' लिहिलंय तिथे माणूस झोपायला लागला की वापर बदलतो, आणि वापर बदलणं हा कायद्याच्या व्याख्येत 'विकास' आहे. शिवाय शटरच्या जागी भिंत आल्यावर घराचा दर्शनी भागही बदललाच.

आता नोटीस. तुम्ही पाठवलेल्या फोटोत कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर कपाचं वर्तुळ उमटलेलं दिसतंय. खाली तुमची सही आणि तारीख आहे. त्या तारखेला आज सोळा दिवस झाले. या सोळा दिवसांत तुम्ही माजी नगरसेवकांना दोनदा भेटलात आणि 'बघतो' हे उत्तर घेऊन घरी आलात. मला राग येतो तो इथे. भिंत घातलीत ती आईच्या काळजीने, ते मी समजू शकते. पण कायद्याने दिलेली मुदत अशी वाया घालवणं समजू शकत नाही.

कारण तुमचं सगळं प्रकरण कलम ५३ च्या पोटकलम (३) वर उभं आहे. ज्याला नोटीस मिळाली, त्याने नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत, झालेलं बांधकाम किंवा वापर कायम ठेवण्यासाठी कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज करता येतो. तो अर्ज निकाली निघेपर्यंत नुसत्या नोटिशीच्या जोरावर बांधकामाला हात लावता येत नाही. मुदत उलटली की हे संरक्षण गेलं. तुमची नोटीस मंजूर नकाशापेक्षा वेगळं बांधकाम केल्याची आहे, म्हणून तुम्हाला एक महिना मिळाला. मुळात परवानगीच नसलेल्या बांधकामाला कायदा चोवीस तासांची नोटीस पुरेशी मानतो. म्हणजे आज तुमच्या हातात चौदा दिवस आहेत, आणि आर्किटेक्टला मोजमापं आणि नकाशे करायला त्यातले पाच-सहा सहज लागतील. अर्ज दाखल झाल्यावर आवक क्रमांक किंवा ऑनलाइन पोच घ्या. 'साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो' याला अर्ज म्हणत नाहीत.

स्टेचा विचार आत्ता सोडा. कलम १४९ या कायद्याखालच्या नोटिशीला दाव्यात आव्हान देण्याची वाट जवळपास बंद करतं. अधिकारच नसताना नोटीस काढली, असं काही असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या नोटिशीत मला तसं दिसत नाही. माझ्याकडे एक पक्षकार आले होते, त्यांनी मुदतीत अर्ज करायचा सोडून दिवाणी दावा लावला. पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते, दुसऱ्या तारखेला महापालिकेच्या वकिलांनी म्हणणं द्यायला वेळ मागितला, तिसऱ्या तारखेला अधिकारितेचाच मुद्दा निघाला. तोवर नोटिशीची मुदत कधीच संपली होती. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीचा राडारोडा उचलायचा खर्चही त्यांच्याकडूनच वसूल झाला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पाडकामाआधी किमान पंधरा दिवसांची कारणे दाखवा नोटीस बंधनकारक केली, तिचा आधार अनेक जण सांगतात. तो निकाल घाईच्या कारवाईपासून वाचवतो, बेकायदा बांधकामाला कायदेशीर करत नाही.

अर्ज मंजूर होईल का? इथे मी ठाम बोलणार नाही. मंजूर नकाशा पाहिल्याशिवाय कोणत्याही वकिलाने बोलू नये. पण नकाशा उघडलात की आधी गॅरेज कुठे आहे ते पाहा. जुन्या नियमांत अनेक ठिकाणी गॅरेज बाजूच्या किंवा मागच्या सामासिक अंतरात, म्हणजे घर आणि प्लॉटची हद्द यांच्यात मोकळ्या सोडायच्या जागेत, बांधू देत. तसं असेल तर त्या जागेत राहण्याची खोली मंजूर होणं फार अवघड आहे, भिंत स्वतःहून काढलेली बरी. गॅरेज घराच्या मूळ जोत्यावर असेल तर आशा आहे. मग प्रश्न एफएसआयचा, म्हणजे प्लॉटच्या आकाराच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं याचा. वाहनतळाची जागा सहसा एफएसआयमध्ये धरलेली नसते. तिची खोली झाली की ती धरावी लागते. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत अधिमूल्य (प्रीमियम) भरून जादा एफएसआय मिळतो, पण तुमच्या लेआउटमध्ये किती शिल्लक आहे हे आर्किटेक्टच सांगेल. गाडी कुठे लावणार, हेही नकाशावर दाखवावं लागेल. आणि छताची उंची मोजून घ्या. राहण्याच्या खोलीला साधारण २.७५ मीटर लागते, गॅरेजं बऱ्याचदा त्यापेक्षा बुटकी असतात.

शेजाऱ्यांचा दाखला अर्जात घालू नका. दुसऱ्याला पकडलं नाही म्हणून मलाही सोडा, हा युक्तिवाद न्यायालयं मान्य करत नाहीत. शास्ती, म्हणजे दंड, भरली की काम नियमित झालं, असंही धरून चालू नका. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्येच लिहिलंय की शास्ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. अर्ज नामंजूर झाला तर नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ खाली शासनाकडे अपील आहे, चाळीस दिवसांत. तेही दिवस आत्ताच कॅलेंडरवर लिहायची सवय लावा.

फ्लॅटमध्ये राहणारे वाचक हेच स्टिल्टमधल्या, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या, बंदिस्त पार्किंगबद्दल विचारतात. त्यांची स्थिती याहून कमजोर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सांगितलं की स्टिल्ट पार्किंग हे गॅरेज नव्हे आणि बिल्डरला ते वेगळं विकताही येत नाही. जे तुमच्या एकट्याच्या मालकीचं नाही, त्याची खोली करण्याचा प्रश्नच येत नाही.

काम आजच थांबवा. फरशीचा एक तुकडाही नको. नोटीस आल्यानंतर केलेलं काम पंचनाम्यात वेगळं दिसतं, आणि नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आईंची खाट तूर्त हॉलमध्ये घ्या, खिडकीकडच्या बाजूला पडदा लावा. त्यांना जिन्यावरून आणखी काही महिने चढ-उतार करायला लावू नका. उद्या सकाळी मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, खरेदीखत, मालमत्ता कराची पावती आणि ती नोटीस, पाकिटासकट, एका फाइलमध्ये घालून आर्किटेक्टकडे जा. मंजूर नकाशा घरात सापडला नाही तर त्याच दिवशी नगररचना विभागात प्रमाणित प्रतीचा अर्ज द्या, आणि प्रत मिळायला उशीर झाला तरी मूळ अर्ज तिच्यासाठी अडवून ठेवू नका.